कार्बन स्टीलचा पॅन आणि घरचे वॉर्म सॅलड

घरी वॉर्म सॅलड, म्हणजे गरम घटक घालून लगेच खायचे सॅलड, करण्यासाठी सुमारे २६ सेंटिमीटर व्यासाचा, अडीच ते तीन मिलिमीटर जाडीचा आणि कोणतेही नॉनस्टिक आवरण नसलेला कार्बन स्टीलचा पॅन मला इतर सर्व भांड्यांपेक्षा सरस वाटतो. त्याच्यात एक दोष आहे आणि तो नेमका याच पदार्थाच्या आड येतो. त्याची पूर्वकल्पना नसेल तर विकत घेणाऱ्याची लवकरच निराशा होईल. पुढील परीक्षण कोणा एका कंपनीच्या पॅनचे नाही. निरनिराळ्या उत्पादकांच्या पॅनमध्ये दांड्याचा कोन, कडांचा उतार आणि वजन यांत फरक आढळतो, परंतु धातू तोच असल्यामुळे त्यांचे आचेवरील वर्तन जवळपास सारखे असते. मी व्यवसायाने शेफ आहे. कामावर असेच पॅन सतत हातात असतात आणि घरच्या शेगडीवरही मी हाच पॅन चढवतो, म्हणून दोन्ही ठिकाणचा अनुभव येथे नोंदवत आहे.

वॉर्म सॅलड दिसायला साधे असले तरी रेस्टॉरंटमधील स्वयंपाक्यांना ते अवघड वाटते, आणि याचे कारण तेथील कामाच्या विभागणीत आहे. फ्रेंच शेफ ऑग्युस्त एस्कोफिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात असताना, मोठ्या स्वयंपाकघराची जी रचना रूढ केली तिच्यात प्रत्येक स्टेशनला, म्हणजे स्वयंपाक्याच्या कामाच्या जागेला, ठरलेले काम असते आणि सॅलड हे ‘गार्द मांजे’ म्हणजे थंड पदार्थांच्या स्टेशनचे काम मानले जाते. पॅनमध्ये परतण्याचे काम मात्र गरम स्टेशनवर होते. वॉर्म सॅलडची पाने एका स्वयंपाक्याकडे थंड आणि कोरडी तयार असतात, मश्रूम किंवा बटाटे दुसऱ्याच्या पॅनमध्ये चरचरत असतात, आणि दोघांचे काम एकाच क्षणी पूर्ण व्हावे लागते. गरम घटक आधी तयार झाला तर तो निवतो आणि स्वतःच्याच वाफेने मऊ पडतो. पाने आधी ड्रेसिंगमध्ये, म्हणजे तेल आणि व्हिनेगरसारखे आम्ल यांच्या मिश्रणात, घोळवली तर मीठ आणि आम्ल त्यांतील पाणी बाहेर काढते. ताटली ‘पास’वर, म्हणजे शेवटची तपासणी होते त्या जागी, दोन-तीन मिनिटे जरी थांबली तरी पदार्थ बिघडतो. सूप थांबू शकते, सॉस थांबू शकतो, वॉर्म सॅलड थांबू शकत नाही.

घरी ही अडचण नाहीशी होते, कारण दोन्ही स्टेशने एकाच माणसाच्या हाताखाली असतात आणि जेवणारा चार पावलांवर बसलेला असतो. हा पदार्थ रेस्टॉरंटपेक्षा घरी अधिक चांगला होऊ शकतो, असे माझे ठाम मत आहे, आणि असे म्हणता येईल असे पदार्थ फार थोडे आहेत.

अर्थात, त्यासाठी शेफच्या दिनक्रमातील एक गोष्ट घरी आणावी लागते. आमचा बहुतेक दिवस ग्राहक येण्यापूर्वीच खर्च झालेला असतो: माल तपासून घेणे, भाज्या निवडणे आणि चिरणे, स्टॉक उकळत ठेवणे, प्रत्येक डब्यावर तारीख घालणे आणि सर्व्हिस सुरू होईपर्यंत आपल्या स्टेशनवरची प्रत्येक वस्तू डोळे मिटूनही सापडेल अशा जागी मांडणे. या तयारीला सगळीकडे फ्रेंच नावानेच, ‘मीझ आँ प्लास’ म्हणतात. सर्व्हिस सुरू झाली की पुढचे काही तास विचार करायला सवड नसते. हात चालतात ते सकाळच्या मांडणीच्या जोरावर. दहा-बारा तास उभे राहणे, इतरांच्या सुट्टीच्या दिवशी सर्वाधिक काम असणे, स्वतःचे जेवण संध्याकाळच्या सर्व्हिसआधी दहा मिनिटांत उरकणे, हे सारे या व्यवसायात गृहीत धरले जाते. मला हे काम मनापासून आवडते, पण ते शरीराकडून बरेच काही वसूल करते, हेही तितकेच खरे. रात्री घरी परतल्यावर जड जेवण नकोसे वाटते आणि फ्रिजमधील थंडगार पाने खाण्याचीही इच्छा नसते. माझे अनेक सहकारी अशा वेळी मिळेल ते कोरडे खाऊन झोपतात. मी पॅन तापत ठेवतो.

या पॅनचा खरा गुण त्याच्या वजनात आणि त्याला सोसणाऱ्या उष्णतेत आहे. कार्बन स्टील म्हणजे जवळजवळ संपूर्ण लोखंड आणि साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी कार्बन. बिडाच्या भांड्यांत हेच प्रमाण दोन ते चार टक्के असते, त्यामुळे बीड ठिसूळ बनते आणि जाड ओतावे लागते. कार्बन स्टीलचा पत्रा त्या मानाने पातळ ठेवता येतो आणि तो लवकर तापतो. तरीही २६ सेंटिमीटरच्या जाड पॅनचे वजन दोन किलोच्या आसपास भरते, आणि तेवढ्या लोखंडात साठलेली उष्णता थंड मश्रूम टाकल्यावरही एकदम खाली येत नाही. वॉर्म सॅलडमध्ये याला फार महत्त्व आहे. पदार्थावर खमंग तपकिरी रंग आणणारी प्रक्रिया, जिचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ मध्ये केले, ती साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढे वेगाने होते. पॅनमध्ये पाणी साचले असेल तर ते आटेपर्यंत तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. मश्रूममध्ये ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. पातळ पॅनमध्ये ते पाणी बाहेर पडते, साचते, आणि मश्रूम भाजण्याऐवजी शिजत राहतात. असे निस्तेज मश्रूम पानांवर घातले की संपूर्ण सॅलडच्या तळाशी करड्या पाण्याचे थारोळे होते.

माझी नेहमीची कृती दोघांपुरती आहे. १५० ग्रॅम पालकाची कोवळी पाने धुऊन, फडक्यात गुंडाळून, अगदी कोरडी करून मोठ्या पसरट भांड्यात ठेवावीत. २५० ग्रॅम मश्रूम जाडसर चिरावेत. पॅन मध्यम आचेवर रिकामाच तापवावा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो लगेच उडून न जाता पाऱ्यासारखा गोळा होऊन पृष्ठभागावर धावू लागला की पॅन २०० अंशांच्या जवळपास आला असे समजावे. मग शुद्धीकृत तेलाचा एक चमचा घालून अर्धे मश्रूम एका थरात पसरावेत आणि खालची बाजू तपकिरी होईपर्यंत त्यांना हात लावू नये. मीठ शेवटी घालावे. पहिला घाणा थेट पानांवर काढावा, दुसराही तसाच. त्यानंतर आच बंद करून उरलेल्या उष्णतेत आणखी दोन चमचे तेल, ठेचलेला लसूण आणि अक्रोडाचे तुकडे घालावेत, लसणाचा कच्चा वास जाताच ते कढत तेल पानांवर ओतावे आणि लगेच ढवळावे. पानांच्या कडा मऊ पडतात, देठ कुरकुरीत राहतो. हाच हवा असलेला क्षण. सर्वांत शेवटी, याच भांड्यात, एक चमचा व्हिनेगर आणि अर्धा चमचा मोहरीची पेस्ट एकत्र करून घालावी. तेल व आम्ल यांचे तीनास एक हे प्रमाण थंड सॅलडसाठी प्रचलित आहे; गरम घटकांवर आम्लाचा वास अधिक प्रखर येतो, म्हणून येथे त्याहून अधिक व्हिनेगर घालू नये.

व्हिनेगर पॅनमध्ये न घालता भांड्यात घालावे, असे मी मुद्दाम लिहिले आहे, आणि सुरुवातीला उल्लेखिलेला दोष तो हाच. कार्बन स्टीलवर चिकटपणा रोखणारा जो काळसर थर तयार होतो, तो म्हणजे उष्णतेने घट्ट झालेले तेल असते. व्हिनेगर, लिंबू, टोमॅटो, वाइन यांपैकी काहीही त्यात काही मिनिटे उकळले की हा थर सुटू लागतो, खालचे लोखंड उघडे पडते आणि पदार्थाला धातूची चव येते. वॉर्म सॅलडची जुनी पद्धत तर नेमकी याच्या उलट आहे. फ्रान्समधील लिओं शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सॅलडमध्ये डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे परततात, त्यांतून सुटलेल्या चरबीत व्हिनेगर घालून तळाला चिकटलेला अर्क सोडवतात आणि ते गरम ड्रेसिंग कडवट पानांवर ओतून वर पोच केलेले, म्हणजे कवचाशिवाय गरम पाण्यात शिजवलेले, अंडे ठेवतात. ज्यांना हीच चव हवी आहे त्यांनी पॅन आचेवरून उतरवावा, व्हिनेगर घालून काही सेकंदांत तळ खरवडून घ्यावा, सगळे तत्काळ ओतून टाकावे आणि पॅन लगेच धुऊन, आचेवर कोरडा करून तेलाचे बोट फिरवावे. नीट रापलेला पॅन एवढे सहन करतो. नव्या पॅनमध्ये मात्र पहिले काही महिने हा प्रयोग करू नये, आणि ज्यांच्या स्वयंपाकात प्रत्येक सॅलडला असेच ड्रेसिंग लागते त्यांनी स्टेनलेस स्टीलचा जाड बुडाचा पॅन घ्यावा. तो आम्लाला पूर्णपणे निर्धोक आहे. त्यात मश्रूमला रंगही चांगला येतो, फक्त अंडी आणि बटाटे चिकटू नयेत यासाठी सराव लागतो.

उकडलेल्या बटाट्यांचे किंवा कडधान्यांचे वॉर्म सॅलड करायचे असेल तर या पॅनची आवश्यकताच उरत नाही. तेथे ड्रेसिंग पातेल्यातून निथळलेल्या, वाफा निघत असलेल्या बटाट्यांवर घालायचे असते, कारण निवल्यानंतर ते आत मुरत नाही. एवढी काळजी घ्यावी की आम्ल बटाटे पूर्ण शिजल्यानंतरच घालावे. आधी घातल्यास पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन सहज विरघळत नाही आणि बटाटे टणक राहतात. हेच बटाटे आदल्या दिवशी उकडून ठेवलेले असतील तर पुन्हा कार्बन स्टीलची आठवण होते: दोन बाजूंनी सोनेरी कवच आलेला बटाटा कडवट पानांबरोबर अप्रतिम लागतो.

देखभालीविषयी लोकांच्या मनात अकारण धास्ती असते. नव्या पॅनवर गंज रोखण्यासाठी मेणाचा किंवा तेलाचा लेप दिलेला असतो. तो कडकडीत पाणी, साबण आणि घासणी वापरून पूर्ण काढावा. नंतर पॅन कोरडा करून तेलाचा अतिशय पातळ हात फिरवावा, जास्तीचे तेल पुसून टाकावे आणि धूर थांबेपर्यंत तापवावा. असे तीन-चार वेळा करावे. तेल जाड राहिले तर थर चिकट होतो. पॅन रंगाने डागाळलेला दिसतो, त्याची चिंता करू नये. भिजत ठेवणे आणि डिशवॉशरमध्ये टाकणे या दोन गोष्टी त्याला चालत नाहीत. इंडक्शनवर तो वापरता येतो, परंतु एकदम पूर्ण शक्तीवर तापवल्यास तळ फुगण्याचा धोका असतो. आच हळूहळू वाढवावी.

नॉनस्टिक पॅनशी तुलना करायची तर अंड्यांसाठी नॉनस्टिक सोपा, यात वाद नाही. पण त्याचे आवरण २६० अंशांच्या पुढे खराब होऊ लागते आणि रिकामा पॅन मोठ्या आचेवर ठेवणे त्याला सोसत नाही, म्हणजे आपल्या पदार्थाला हवी असलेली पहिली पायरीच त्यात गाळावी लागते. शिवाय आवरण झिजले की तो टाकून द्यावा लागतो. बीड कार्बन स्टीलइतकेच टिकाऊ आहे, त्याहून जास्त उष्णता साठवते, मात्र एका हाताने उचलून त्यातील कढत तेल पानांवर ओतणे बहुतेकांना कठीण जाते. कार्बन स्टीलच्या पॅनच्या कडा बाहेर उतरत्या असल्यामुळे वाफही लवकर निघून जाते.

ज्यांच्या मनगटात दुखणे आहे त्यांनी दोन किलोचा पॅन दुकानात प्रत्यक्ष उचलून, तिरका करून पाहिल्याशिवाय घेऊ नये. त्यांना २४ सेंटिमीटरचा, दोन मिलिमीटर जाडीचा पॅन झेपेल. त्यात मश्रूम दोनऐवजी तीन घाण्यांत परतावे लागतील. धातूचा दांडा तापतो, म्हणून आम्ही खांद्यावर नेहमी कोरडे जाड फडके बाळगतो, आणि ओल्या फडक्याने तो कधीच धरत नाही, कारण ओलाव्यातून उष्णता हाताला तत्काळ पोचते. चार किंवा अधिक माणसांसाठी २८ सेंटिमीटरचा पॅन घ्यावा, पण घरच्या शेगडीची ज्योत लहान असेल तर त्याच्या कडा मधल्या भागापेक्षा बऱ्याच थंड राहतात. पोलादातून उष्णता तांब्याच्या मानाने सुमारे आठपट मंद पसरते, त्यामुळे असा मोठा पॅन निदान पाच-सात मिनिटे मध्यम आचेवर तापू द्यावा आणि मगच तेल घालावे.