आले की हळद? एकाच रानात दोन्ही घेतल्यावर

ऊस मोडून किंवा सोयाबीनचा दर बघून मसाला पिकाकडे वळायचे ठरवले, की आमच्या सातारा-कोरेगाव पट्ट्यात पहिला प्रश्न हाच येतो: आले लावायचे की हळद? दोन्ही कंद. दोन्हींना गादीवाफा आणि ठिबक, दोन्हींची लागण अक्षय्य तृतीयेच्या मागेपुढे सुरू होणारी, दोन्ही शेणखताला हावरी. एकाच रानाला दोन्ही मानवतात, म्हणूनच निवड अवघड होते. मी दोन्ही पिके शेजारी-शेजारी घेतली आहेत. बेणेप्रक्रिया, खताचे वेळापत्रक, भरणी हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे असे धरतो. पीक तयार झाल्यावर काय होते, त्याबद्दल जास्त लिहितो, कारण फरक खरा तिथे आहे.

सुरुवातीला बेण्याचे सांगतो. दोन्हींना एकरी साधारण दहा क्विंटल बेणे, म्हणजे लागणीचे कंद, लागते, पण खिशाला बसणारा झटका सारखा नसतो. आल्याचे बेणे म्हणजे बाजारात विकले जाणारे आलेच, त्यामुळे दर चढलेल्या वर्षी बेणेही त्याच भावात घ्यावे लागते. नेमके त्याच वर्षी सगळ्यांना आले लावायचे असते. २०२३ च्या पावसाळ्यात आल्याच्या दराने सगळे हिशेब मोडले होते. पुढच्या लागणीला बेण्यासाठी रांगा लागल्या, आणि ते पीक निघेपर्यंत दर पार उतरला होता. आल्याचा सौदा आमच्याकडे ५०० किलोच्या ‘गाडी’वर होतो; त्या गाडीमागे मिळणाऱ्या पैशात बेण्याची किंमतही वसूल झाली नाही, असे शेतकरी माझ्या गावातच आहेत. हळदीचा दरही वर-खाली होतो, यात शंका नाही. त्याच २०२३ मध्ये उन्हाळ्यात क्विंटलला सहा-सात हजारांवर रेंगाळणारी हळद पावसाळ्यात दुपटीच्या वर गेली. पण हळदीचे बेणे ओले विकत घ्यायचे असते आणि ओल्या हळदीचा भाव सुक्याच्या मानाने बराच खाली असतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी रानात पुरलेली रक्कम माझ्या अनुभवात आल्यापेक्षा पुष्कळ कमी राहते.

कंदकुजीच्या बाबतीत आले नाजूक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सलग झड लागली आणि वाफ्यात पाणी साचले, की एखादा शेंडा पिवळा पडतो, धरून ओढला तर अलगद हातात येतो, बुडाला घाण वास. तिथून ती सड पाण्याच्या वाटेने खाली सरकत जाते. ट्रायकोडर्मा (कुजीला रोखणारी मित्रबुरशी), बुडाशी औषधाची आळवणी, चर काढून देणे हे सगळे करावेच लागते, पण काळ्या चोपण, पाणी न मुरणाऱ्या रानात आल्याचे धाडस करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. हळदीलाही कंदकूज येते, कंदमाशीही येते, आणि पानावरचा करपा तर हळदीचा नेहमीचाच. तरी निदान माझ्या रानात तरी त्याच पावसात आल्याचे वाफे बसले आणि पलीकडच्या हळदीने तग धरला, असे एकदा नव्हे, वारंवार दिसले आहे. निचऱ्याची, तांबूस, मुरमाड मिश्रित जमीन असेल तर हा मुद्दा तेवढा जड ठरणार नाही.

आता हळदीच्या विरोधातला सगळ्यात मोठा मुद्दा. आले खणले, माती झाडली, धुतले, पोत्यात भरले, गाडी गेली, काम संपले. सौदा तसा ठरला तर व्यापारी खणणारी टोळीही घेऊन येतो. हळदीचे मात्र काढणीनंतर दुसरे पीक सुरू होते. आधी पंधरा दिवस पाणी तोडायचे, पाला कापायचा, मग काढणी. जेठे गड्डे (मुख्य खोडाखालचे), बगल गड्डे (बाजूच्या फुटव्यांचे), हळकुंडे (बोटासारखे कंद) आणि सोरा गड्डा (लागणीचा जुना कंद) वेगळे करायचे. शिजवायला गड्डे आणि हळकुंडे एकत्र टाकता येत नाहीत, कारण जाडीप्रमाणे वेळ बदलतो. पूर्वी काहिलीत अडीच-तीन तास जाळ घालावा लागायचा. आता वाफेचा कुकर भाड्याने मिळतो आणि एक घाणा, म्हणजे एका वेळचा माल, पाऊण तासात उतरतो. त्यानंतर दहा-पंधरा दिवस वाळवण, मग ड्रममध्ये पॉलिश, मग प्रतवारी. या काळात घरातली सगळी माणसे त्यातच अडकतात. मार्चमध्ये आभाळ भरून आले की रात्री-अपरात्री ताडपत्री घेऊन धावावे लागते. भिजलेली हळद काळवंडते आणि तिचा भाव पडतो. शिवाय ओल्या हळदीची सुकी साधारण पाचवा हिस्साच उरते. ढीग पाहून हुरळलेल्या नव्या माणसाला वजनकाट्यावर धक्का बसतो.

ज्यांच्या घरात माणसे कमी आहेत, नोकरी सांभाळून शेती आहे किंवा वाळवायला खळे नाही, त्यांनी हा मुद्दा हलक्यात घेऊ नये. इथे आले सरळसरळ पुढे आहे.

मग मी हळदीकडे का वळलो? एकाच त्रासाने. तो म्हणजे आल्याचे नवे-जुने.

आल्याच्या बाजूने नेहमी सांगितले जाते की दर नसेल तर काढायचे नाही, जमिनीत राखायचे. हे खरे आहे. डिसेंबर-जानेवारीत तयार झालेले आले पाणी देऊन उन्हाळाभर राखता येते, पुढच्या पावसाळ्यापर्यंत, कधी त्याच्याही पुढे. पण राखलेले आले वळवाच्या पावसाबरोबर पुन्हा फुटते. जुन्या गड्ड्याला पांढुरकी, पातळ सालीची, पाणीदार नवी बोटे येतात. एकाच गड्ड्यावर दोन वर्षांचा माल लटकतो. मग व्यापारी म्हणतो, जुन्याचा दर हा, नव्याचा दर तो, आणि दोन्हींत मोठी तफावत.

आमच्या प्लॉटवर एका व्यापाऱ्याचा माणूस खणलेल्या ढिगाशी बसून गड्डे मोडत होता. कट्कन बोट मोडायचे, डावीकडे नवे, उजवीकडे जुने. जिथे शंका येईल तिथे माल नव्यातच जायचा. सौदा सरसकट, म्हणजे नव्या-जुन्याला एकच दर, असा ठरला होता. ढीग रानात उघडा पडला होता, ऊन चढत होते, टोळीची मजुरी सुरू होती, गाडी बांधावर उभी होती. खणलेले आले परत पुरता येत नाही. अशा वेळी शेतकऱ्याच्या हातात काही उरत नाही. जो भाव सांगेल त्यावर मान डोलवावी लागते. सगळेच व्यापारी असे नाहीत. सरसकट ठरवून सरसकटच नेणारेही भेटले आहेत. पण ज्या व्यवहारात माल उघड्यावर पडल्यावर अटी बदलता येतात, तो व्यवहार मूळातच शेतकऱ्याच्या विरोधात झुकलेला असतो. सरसकट खरेदीसाठी जिल्ह्यात शेतकऱ्यांना आवाज उठवावा लागला तो याच कारणाने.

त्या अनुभवावर मी पुष्कळ विचार केला. दोन्ही पिकांच्या दरात चढउतार आहेत, दोन्हींत थांबण्याची ताकद असणाऱ्यालाच पैसा मिळतो. फरक एवढाच की आले थांबते ते जमिनीत, जिवंत. त्याला पाणी द्यावे लागते, दुसऱ्या पावसाळ्यात सडीचा धोका पुन्हा पत्करावा लागतो, रान अडकून पडते, आणि एवढे करून नव्या-जुन्याचा वाद उभा राहतो. हळद थांबते ती पोत्यात, सुकलेली. रान फेब्रुवारी-मार्चमध्येच मोकळे होते. नीट वाळलेले हळकुंड हातात घेऊन मोडा, खणकन आवाज येतो आणि आतला गाभा एकसारखा नारिंगी-पिवळा दिसतो. मधे मऊपणा लागला तर ओल आहे, आणखी दोन दिवस ऊन द्या. असा आठ-दहा टक्के ओलाव्याचा माल कोरड्या जागी, लाकडी फळ्यांवर थप्पी लावून ठेवला, की भुंगेऱ्याकडे लक्ष ठेवण्यापलीकडे त्याचे मागणे काही नाही.

आणि थांबायला पैसा लागतो, त्याचीही सोय हळदीत आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बाजार समित्यांमार्फत चालते, तिच्या यादीत हळद आहे. गोदामात माल ठेवला तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. सोसायटीचे कर्ज आणि मुलांच्या फिया यांच्या तारखा सांभाळून दराची वाट पाहता येते. ओले आले नाशवंत, ते तारण ठेवता येत नाही. माझ्या मते हा या दोन पिकांमधला सगळ्यात मोठा फरक आहे आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते.

विक्रीची जागाही वेगळी. आल्याचा सौदा बहुतेकदा बांधावर, एका माणसाशी. हळद सांगलीच्या बाजारात नमुना उघडून लिलावात लावता येते, चार खरेदीदार समोर असतात. मराठवाड्यातल्या मित्रांना वसमत, हिंगोली आणि नांदेड जवळ. अडत, हमाली, तोलाई कापली जाते हे मान्य, वाहतूकही अंगावर. तरी भाव पटला नाही तर पोती परत आणता येतात, हा आधार मोठा आहे.

निर्यातीचे स्वप्न दोन्ही पिके दाखवतात, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. भारत आल्याचा मोठा उत्पादक आहे, पण पिकलेले बहुतेक आपणच खातो. जगाच्या ताज्या आल्याच्या बाजारात चीनच्या मोठ्या, धुतलेल्या, एकसारख्या मालाशी गाठ पडते, आणि आपल्याकडचा माल जातो तो मुख्यतः बांगलादेशसारख्या जवळच्या देशांत. एखादी सीमा बंद झाली, एखादा सण पुढे गेला, की आठवड्यात दर हलतो. हळदीत मात्र जगाच्या व्यापाराचा सर्वांत मोठा हिस्सा भारताकडे आहे. अमेरिका, आखाती देश, बांगलादेश, मोरोक्को, मलेशिया असे गिऱ्हाईक विखुरलेले आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, वायगावला त्याच्या आधी आणि वसमतला नंतर. जानेवारी २०२५ मध्ये तेलंगणातल्या निजामाबादला राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झाले. या सगळ्याचा तुमच्या पोत्याला लगेच जास्त भाव मिळेल असे नाही, पण दारे उघडी आहेत.

त्या दारातून आत जायचे तर तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे औषधांचे अंश. कंदमाशीसाठी आपल्याकडे सर्रास क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची आळवणी होते, आणि युरोपने २०२० मध्येच त्याची मान्यता संपवली. युरोपचा खरेदीदार डोक्यात असेल तर लागणीपासूनच निंबोळी पेंड, ट्रायकोडर्मा आणि वेळेवर मातीने कंद झाकणे यावर भर द्यावा लागेल. नंतर नोंदी जुळवून उपयोग नाही. दुसरी कुरकुमिन, म्हणजे हळदीला पिवळेपणा देणारा घटक. सेलम या वाणाच्या चांगल्या प्लॉटला ते समाधानकारक बसते, पण जमीन, पाणी आणि काढणीची वेळ यांनी फरक पडतो, म्हणून प्रयोगशाळेचा दाखला हातात असलेला बरा. तिसरी पॉलिशची वेळ. चमक यावी म्हणून कुणी पिवळा रंग मारायला सांगितला तर त्याला दारातूनच परत पाठवा. असा रंग लेड क्रोमेटचा असू शकतो, त्यात शिसे असते, ते खाणाऱ्याच्या, विशेषतः मुलांच्या, शरीराचे कायमचे नुकसान करते. एकट्या शेतकऱ्याला हे सगळे झेपत नाही. गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीतून केले तर झेपते.

आल्याच्या बाजूनेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. दर लागला तर एकरी जे पैसे आले देते, ते हळद एका हंगामात सहसा देत नाही. माझ्या ओळखीच्या काहींची घरे आल्यावरच उभी राहिली आहेत. जमीन निचऱ्याची, पाणी बारमाही, बेणे घरचे, आणि एखादे वर्ष तोट्यात गेले तरी घर हलणार नाही एवढी ऐपत असेल, तर आले जरूर लावा. मात्र ज्याला कर्ज काढून बेणे घ्यायचे आहे, त्याला मी आले सुचवणार नाही. थोड्या रानात आले आणि बाकीच्यात हळद असा मध्यम मार्ग पुष्कळजण घेतात. मीही आता तसाच, पण वाटा हळदीचा मोठा आणि आल्याचा छोटा. तोही पहिल्याच हंगामात काढून मोकळा करतो, राखत नाही.

एक काळजी दोन्ही लावणाऱ्यांनी घ्यावी. यंदाच्या आल्याच्या वाफ्यावर पुढच्या वर्षी हळद लावू नका, उलटही नको. कुजीची बुरशी, सूत्रकृमी, कंदमाशी दोघांची एकच आहे. मधे ज्वारी, मका किंवा घेवडा घेऊन दोन-तीन वर्षे रान फिरवा.

आणि हळदच घ्यायची ठरली तर बेणे मेमध्ये शोधत फिरू नका. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पीक उभे असताना चार प्लॉट स्वतः पाहा, करपा आणि सड नसलेला निवडा, आणि मालकाला जेठे गड्डे वेगळे सावलीत ठेवायला सांगून इसार देऊन या. कुकरवाल्याची तारीखही त्याच सुमारास बांधून घ्या, फेब्रुवारीत तो कुणालाच मिळत नाही.