बुकिंग त्यानेच रद्द केलं, आणि मग खरे पैसे गेले

सुट्टीचं बुकिंग करताना फसू नका म्हणून सांगणारे सगळे एकच मंत्र देतात: स्वस्ताच्या मागे लागू नका. आमच्या बाबतीत हा मंत्र काही कामाचा नव्हता, कारण नागावचा तो बंगला स्वस्त नव्हताच. नाताळच्या सुट्टीत अलिबागच्या बाजूला पूलवाल्या बंगल्याला जो दर लागतो तोच मालक म्हणवणाऱ्याने फोनवर सांगितला. दोन रात्रींचे 18,000, जेवण वेगळं. घासाघीस करून पाहिली तर पाचशे रुपयेही सोडायला तयार नाही. त्यामुळे तर माणूस आणखीच खरा वाटला.

जाहिरात माझ्या दिरांना रील बघताना दिसली होती. फोन लावला तर पलीकडचा गडी अस्सल तिकडचा, बोलण्याला हेल तसाच. "दादा, मासे खाणारे किती? पापलेट पाहिजे तर आदल्या दिवशी सांगा, मिळालं तर आणतो, नायतर सुरमईवर भागवा." आमच्यात दोघं शाकाहारी, तर त्यांच्यासाठी वालाचं बिरडं करू हेही त्यानेच सुचवलं. आता मला सांगा, चोर कधी समोरच्याच्या बिरड्याची काळजी करतो का? करतो. तेच त्याचं भांडवल.

अ‍ॅडव्हान्स म्हणून 9,000 पाठवताना अ‍ॅपवर एका बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, मिसेसचं खातं आहे, माहेरच्या नावाचं. पटण्यासारखं होतं, माझंही एक खातं अजून माहेरच्याच नावावर आहे. पण एक लक्षात घ्या. पैसे पाठवण्याआधी यूपीआयवर जे नाव दिसतं, ते आता खातेदाराचं बँकेतलं नाव असतं. यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाने (एनपीसीआय) अ‍ॅपवाल्यांना तसं करायला 30 जून 2025 ची मुदत दिली होती. म्हणजे फोनवर बोलणारा एक, बंगला दुसऱ्याचा आणि खातं तिसऱ्याचं, असं दिसलं की तिथेच हात आखडता घ्यायचा, मग समोरचा कितीही गोड बोलो.

इथवरचं कोणालाही माहीत असेल. पुढचं बारकाईने वाचा.

निघायच्या आदल्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोचं गाडीसकट तिकीट काढून झालेलं, पोरांच्या बॅगा दारात, आणि त्याचा फोन आला. आवाज पडलेला. "दादा, माफी मागतो. बोअरची मोटर जळाली, पाण्याचा थेंब नाही. तुम्हाला बोलावून हाल करणं मला पटत नाही. पैसे आत्ताच्या आत्ता परत करतो." आमच्याच घरात त्याच्याबद्दल हळहळ सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, बघा, अजून माणुसकी आहे.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर आला. खाली 9,000 आणि इंग्रजीत 'रिफंड' असं ठळक लिहिलेलं. स्कॅन करा, पिन टाका, जमा होतील. दिरांनी पिन टाकला आणि 9,000 वजा झाले. तो लगेच म्हणाला, "अरे, उलटी एंट्री पडली. थांबा, दोन्ही मिळून 18,000 चा पाठवतो, म्हणजे सगळं एकदम येईल." फोन चालूच ठेवलेला, ठेवू देत नव्हता. दुसरा पिन टाकला आणि तेही गेले.

वाचताना वाटेल, इतकं कसं कळलं नाही? मी यावर बराच विचार केला. आपल्याकडे पिन आला तो एटीएमबरोबर. वर्षानुवर्षं चार आकडे दाबले की नोटा हातात येतात, हेच बोटांना ठाऊक. यूपीआयचं गणित नेमकं उलटं आहे: तिथे पिन म्हणजे पैसे जाणार. पैसे घेण्यासाठी ना पिन लागतो, ना क्यूआर स्कॅन करावा लागतो. घरातल्या साठीच्या पुढच्या माणसांना हे एटीएमशी तुलना करूनच सांगा, नुसतं 'पिन देऊ नका' म्हणून उपयोग नाही. पिन तर आम्ही कोणाला दिलाच नव्हता.

पुतण्याने लगेच 1930 लावला. ही केंद्रीय गृह मंत्रालयाची हेल्पलाइन. यूटीआर म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, वेळ, कुठल्या खात्यातून गेले, एवढं हाताशी ठेवून बोला, कारण खरी शर्यत तिथे असते. पैसे पुढच्या खात्यांत पळवले जाण्याआधी तक्रार पोहोचली तर रक्कम गोठवता येते. आमच्या शेवटच्या 18,000 पैकी अर्ध्याहून जास्त अशी अडकली आहे. अडकली म्हणजे मिळाली असं नव्हे, त्यासाठी पुढे रीतसर प्रक्रिया असते, ती चालू आहे. आधीचे पैसे बुडीत खाती. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. आणि पोलीस ठाण्यात 'आमच्या हद्दीत नाही' म्हणून कोणी परत पाठवू लागलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा, हा शब्द उच्चारा. जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात तो लेखी आहे.

नंतर पुतण्याने बंगल्याचा व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. पूलच्या मागे कोपऱ्यात एक स्कूटर. काळी पाटी, पिवळी अक्षरं, सुरुवात 'जीए'. भाड्याने फिरवायची गोव्याची गाडी नागावच्या वाडीत काय करत होती?

आता आमच्या घरात कोणीही बुकिंग करताना मालकाला सांगतं, बंगल्यावर असाल तेव्हा व्हिडिओ कॉल लावा आणि गेटपासून रस्त्यापर्यंत चालत या. खरा मालक कुरकुरत का होईना, येतो. खोटा 'रेंज नाही' म्हणतो आणि आधी काढलेला व्हिडिओ पाठवतो. दुसरं, गावातल्या एखाद्या खानावळीला फोन करून विचारायचं, अमुक बंगला आहे का तुमच्याकडे? नागावसारख्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. माझ्या मामेबहिणीला केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं तिकीट काढायचं होतं, तेव्हा आधी समोर आलेल्या साइटवर न जाता आयआरसीटीसीच्या हेलीयात्रा पोर्टलवर जा, म्हणून मीच तिच्या मागे लागले. ते बुकिंग तिथूनच होतं, बाकी कोणी देतो म्हणाला तर ऐकू नका.

तो व्हिडिओ अजून फिरतोय. आता बंगला काशीदला आहे आणि भाडं 20,000 झालंय. स्कूटर तिथेच. दिसला तर तिथल्या तिथे रिपोर्ट करा.