पिकअपच्या हौद्यात झोपायची सोय करून देतो म्हणणाऱ्याकडून आमचे १ लाख ४० हजार गेले, तुम्ही तरी सावध राहा

गोव्यात आता गाडीतच झोपायची सोय करून घ्यायची हौस बऱ्याच जणांना आहे, आणि म्हापसा, पर्वरी, वेर्णा कुठेही विचारलंत तर हे काम करून देतो म्हणणारा कोणी ना कोणी भेटतोच. म्हणून हे सविस्तर लिहितेय. या कामातली सगळी लबाडी कार्पेटच्या आणि रंगाच्या खाली असते, आणि तो माणूस सगळं झाकून झाल्याशिवाय गाडी नीट बघूच देत नाही. आमच्या बाबतीत अगदी हेच झालं.

आम्ही सत्तरी तालुक्यातले, कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे, सुपारी-नारळ न्यायला डबल कॅब पिकअप आहे. माझ्या सासूबाई दरवर्षी आषाढीला पायी दिंडीत जातात, गुडघे दुखतात तरी वारी चुकवत नाहीत, आणि सामान घेऊन आमची गाडी दिंडीबरोबर असते. मुक्काम कधी शाळेच्या वऱ्हांड्यात, कधी देवळाच्या मंडपात, वर पाऊस आणि खाली ओली फरशी. मिस्टर म्हणाले हौद्यावर फायबरची कॅनोपी, म्हणजे काचा असलेलं बंद छत, बसवू, आत फळी आणि गादी करू, म्हणजे रात्री एक-दोन म्हाताऱ्या माणसांना तरी कोरडं झोपता येईल. चालत्या गाडीत मागे कोणाला बसवायचं नव्हतंच, ते कायद्यातही बसत नाही आणि जिवालाही धोका.

ओळखीतून एका वर्कशॉपचा नंबर मिळाला. नाव लिहीत नाही कारण प्रकरण चालू आहे. माणूस बोलायला एकदम गोड, पहिल्या भेटीतच वैनी वैनी करून मोबाईलवर भारी भारी गाड्यांचे फोटो दाखवले, नंतर कळलं ते फोटो त्याच्या कामाचे नव्हतेच. साध्या कागदावर एस्टिमेट लिहून दिलं. नवी कॅनोपी, मरीन प्लायचा (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडचा) प्लॅटफॉर्म खाली ड्रॉवरसकट, ४० डेन्सिटीची गादी, लाईट-फॅनसाठी वेगळी बॅटरी आणि आरटीओची परवानगी, सगळं मिळून १ लाख ७५ हजार. जीएसटीचं बिल मागितलं तर म्हणाला शेवटी एकदम देतो. कॅनोपीचे पैसे पुढे आगाऊ भरायचे आहेत म्हणून ८० हजार घेतले, मग प्लायचे, मग बॅटरीचे, असं करत करत १ लाख ४० हजार गेले आणि तेही दुकानाच्या खात्यात नाही, त्याच्या आणि त्याच्या भावाच्या नंबरवर.

मग सुरू झालं आज-उद्या. फोन केला की "जाता वैनी, जाता", म्हणजे होतंय, होतंय. बघायला येतो म्हटलं की नेमका त्याच दिवशी गाडी रंगाला गेलेली किंवा कारागीर सुट्टीवर. आता मागे वळून बघितलं की कळतं, उशीर हा त्याच्या कामाचाच भाग होता. दिंडी कधी निघणार ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्याने गाडी दिली ती निघायच्या तोंडावर, संध्याकाळी काळोख पडल्यावर, धो धो पावसात. अशा वेळी कोण वाकून प्लाय तपासणार? आतून सगळीकडे छान करडं कार्पेट, निळे लाईट, दिसायला अगदी फोटोसारखं.

पहिला धक्का दुसऱ्या दिवशी सकाळीच बसला. आई, म्हणजे सासूबाई, हौसेने आत जाऊन आडव्या झाल्या, वाऱ्याने कॅनोपीची मागची काच खाली आली आणि लॉक बसलं. आतून उघडायला काहीच नाही! हँडल फक्त बाहेरून. बाजूच्या काचा पण नीट सरकत नव्हत्या. मी चार पावलांवर होते म्हणून बरं, पण त्यांचा काचेवर मारलेला हात आणि घाबरलेला आवाज मी विसरणार नाही. माणसांना झोपायला जागा बनवतोय हे माहीत असून आतून उघडणारी कडी न बसवणं हे नुसतं पैसे खाण्यापेक्षा वाईट आहे असं मला वाटतं.

नंतर लांबी. आमच्यासारख्या डबल कॅबचा हौदा लांबीला साधारण पाच फूटच असतो, त्यात सरळ झोपलं की बहुतेकांचे पाय दुमडतात. प्लॅटफॉर्म चाकांच्या उंचवट्याच्या वर घेतला तर पूर्ण रुंदी मिळते आणि तिरकं झोपता येतं, नाहीतर मागचा फाळका खाली पाडून त्यावर फळी सरकवायची. याने साडेसहा फुटांचं कबूल केलं होतं. फळी सरकवायची सोय केली होती खरी, पण फाळका पाडला की काच आणि हौदा यांच्यामध्ये एवढं मोठं भगदाड उरतं, तिथे वॉटरप्रूफ कॅनव्हासचा पडदा देणार होता. दिली ती बाजारातली निळी ताडपत्री, कडेला चिकटपट्टी लावलेली. पहिल्याच सरीत पट्टी सुटली. ती दिंडी आईंनी पुन्हा वऱ्हांड्यातच झोपून केली.

दिंडीहून परत आल्यावर आतून कुबट वास यायला लागला. पावसाळ्यात गोव्यात दमट असतंच म्हणून आधी दुर्लक्ष झालं, पण ड्रॉवर फुगून अडकायला लागले तेव्हा कोपऱ्यातलं कार्पेट ओढून बघितलं. खालचा प्लाय चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झाला होता, नखाने थर सुटत होते. मरीन प्लायवर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असतो, त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्क्याचा फोटो पाठवला होता, वर्कशॉपमध्ये तसा एक शीट उभा करून पण ठेवला होता. तो शीट बहुतेक सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवायलाच असावा, कारण आमच्या गाडीत एकाही तुकड्यावर शिक्का नव्हता. गावातल्या सुतार मेस्त्रीने एक सुका तुकडा कापून पातेल्यात उकळत ठेवला. खरा मरीन प्लाय प्रयोगशाळेत ७२ तास उकळून तपासतात, आमचा तुकडा जेवणाच्या आधी उलगडला.

मग संशय आला म्हणून गादी सुपारीच्या काट्यावर चढवली. हे गणित प्रत्येकाने लिहून ठेवा. ४० डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला ४० किलो, म्हणजे एका घनफुटाला साधारण १.१३ किलो. आमची गादी ५ फूट बाय साडेचार फूट, जाडी ४ इंच, म्हणजे साडेसात घनफूट, वजन व्हायला हवं साडेआठ किलोच्या आसपास. भरलं पाच किलो, तेही खोळीसकट. विचारलं तर म्हणतो हवेने हलकं होतं. असं काही नसतं, वजन खोटं बोलत नाही.

कॅनोपीचं तर फारच वाईट. उन्हात एका कोपऱ्यातून वाकडी रेघ उमटायला लागली. मालिम जेटीवर फायबरच्या होड्यांचं काम करणारे ओळखीचे एकजण आहेत, त्यांना नेऊन दाखवलं. त्यांनी नाण्याने ठिकठिकाणी टकटक केलं, बहुतेक जागी आवाज खणखणीत, कोपऱ्यात बद्द. जरा खरवडलं तर खाली पुटी, त्याखाली जुनी चीर आणि कुठल्या तरी दुसऱ्या गाडीच्या क्लॅम्पची बुजवलेली भोकं. म्हणजे आम्हाला नव्याच्या भावात जुनी, फुटलेली कॅनोपी रंगवून दिली होती. ते म्हणाले नवी घेताना आतून रंग न लावलेली बघायला मागा, राळेतून मॅटचे धागे दिसले पाहिजेत, रंग आणि कार्पेट नंतर आपल्यासमोर लावायला सांगा.

वायरिंगबद्दल थोडक्यात सांगते पण हे सगळ्यात महत्त्वाचं. बॅटरीपासून निघालेल्या वायरला फ्यूजच नव्हता, आणि वायर पत्र्याच्या भोकातून रबराशिवाय ओढलेली, धक्क्यांनी वरचं आवरण अर्धं घासलं होतं. ते तसंच राहिलं असतं तर शॉर्ट होऊन गादीखालीच आग. आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनने त्याच दिवशी सगळं काढून टाकलं. लिथियमची म्हणून दिलेली बॅटरी उघडी केली तर आत साधी जुनीच निघाली.

आणि आरटीओ. परवानगीचे म्हणून १२ हजार घेतले होते आणि एक शिक्का मारलेली झेरॉक्स दिली होती. चौकशी केली तर आमच्या गाडीच्या नंबरवर कसला अर्जच नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे आरसीवरचा (गाडीच्या नोंदणीपत्रावरचा) तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे स्पष्ट केलंय, आणि बेकायदा फेरफाराला मालकालाच प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दुकानदार हात वर करून मोकळा. त्यामुळे काय चालतं, काय कायमचं जोडायचं नाही, हे स्वतः आरटीओत जाऊन विचारा, सरकारी फीची पावती स्वतःच्या नावाने घ्या, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा.

पैसे मागितले तर आधी बघतो म्हणाला, मग ब्लॉक केलं. पेडण्याचे एक गृहस्थ भेटले, त्यांनाही तोच प्लायच्या शिक्क्याचा फोटो पाठवला होता, अगदी त्याच भिंतीसमोरचा. मग आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर फोन केला आणि नंतर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार घातली. पाच लाखांपर्यंत भरलेल्या पैशांसाठी फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. पक्कं बिल नसलं म्हणून गप्प बसू नका. आम्ही एस्टिमेटचा कागद, पैसे पाठवल्याचे तपशील, पूर्ण चॅट, काट्यावरच्या गादीचा फोटो आणि प्लायचे तुकडे पिशवीत घालून सगळं जपून ठेवलंय. मेस्त्री आणि होडीवाले दोघेही लेखी द्यायला तयार झालेत, पेडण्याचे गृहस्थ पण त्यांची वेगळी तक्रार घालतायत. त्याला नोटीस गेलीय, अजून उत्तर आलेलं नाही.