विलापिकेसाठी वियोगिनी की मंदाक्रांता?

इंग्रजीत कवी थॉमस ग्रेच्या १७५१ मधल्या विलापिकेनंतर (विलापिका म्हणजे मृत्यूवरची शोककविता) एकाआड एक यमकांचं चार ओळींचं कडवं शोकासाठी जणू ठरूनच गेलं. मराठीत अक्षरगणवृत्तात, म्हणजे लघू-गुरू अक्षरांचा क्रम ठरलेल्या छंदात, विलापिका लिहायला बसलं की मात्र निवड करावी लागते. माझ्यापुरती ती वियोगिनी आणि मंदाक्रांता या दोन वृत्तांत होती.

परंपरेचा कौल वियोगिनीला. कालिदासाचा रतिविलाप (मदनासाठी रतीचा शोक) तिच्यात, अजविलापही (इंदुमतीसाठी अज राजाचा शोक) तिच्यातच. दहा-अकरा अक्षरांचे आखूड चरण. मोठ्याने म्हणताना ओळीओळीला श्वास अडखळतो. हुंदका ऐकू यावा असं वाटत असेल तर हिला तोड नाही. मंदाक्रांता मेघदूतातली, विरहाची; मृत्यूची नव्हे, ही हरकत रास्तच आहे.

मला आईवर लिहायचं होतं आणि निर्णय त्याच शब्दाने केला. 'आई' म्हणजे दोन गुरू, म्हणजे दीर्घ अक्षरं (ऱ्हस्व ते लघू). वियोगिनीच्या विषम (पहिल्या-तिसऱ्या) चरणात दोन गुरू शेजारी येतच नाहीत. सम (दुसऱ्या-चौथ्या) चरणात येतात, पण फक्त तिसऱ्या-चौथ्या जागी. म्हणजे अख्ख्या श्लोकात आईला दोनच जागा, त्याही 'घर', 'मज', 'मग' असं काहीतरी आधी ठेवून. 'घर आई तुजवीण ओस हे' ही ओळ जमली. पुढे प्रत्येक श्लोकात तीच जागा, तीच चाल. शिवाय 'माझी', 'गेली', 'नाही', 'आता' हे शोकातले रोजचे शब्दही दोन गुरूंचेच, त्याच जागेसाठी भांडणारे. मग नाइलाजाने 'जननी' येते. मी आईला जन्मात कधी जननी म्हटलेलं नाही.

मंदाक्रांता चार गुरूंनीच उघडते: 'माझी आई घरभर फिरे आत बाहेर आता'. बोलण्यात येईल तशीच ओळ. तिची अडचण म्हणजे पाचव्या अक्षरापासूनचे सलग पाच लघू. मराठी शब्द बरेचसे दीर्घावर संपणारे, त्यामुळे तिथे संस्कृत समास शिरू बघतात. तरी 'घरभर फिरे', 'दिवसभर ती' असं साधं मराठी शोधलं की सापडतं. वेळ लागतो, पण शब्द आपले राहतात.

वडिलांवर लिहिणाऱ्याला कदाचित उलटा अनुभव येईल. 'वडील' हा लघु-गुरु-लघू. चरणाच्या शेवटी लघूला गुरू मानायची सूट घेतल्याशिवाय मंदाक्रांतेत तो बसतच नाही, तर वियोगिनीच्या एकट्या विषम चरणात त्याला तीन जागा आहेत. मात्र घरात 'बाबा' म्हणत असाल, तर माझ्या मते पुन्हा मंदाक्रांताच.