बारा पॉइंटचं कार्ड ठेवणारी ड्रायव्हिंग स्कूल

लेकीला कार शिकायची होती म्हणून पांढरकवड्याच्या या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घातलं. मैदानात आठ काढता आला की झालं, बाकीचं एजंट पाहून घेते, असं इथं चालत नाही.

शिकवणारे भाऊ आधी कापसाचा ट्रक घेऊन आदिलाबादकडे जायचे. पैनगंगेपलीकडे तेलंगणात 1 ऑगस्ट 2017 पासून लायसनवर पेनल्टी पॉइंटची पद्धत आली. 24 महिन्यांत 12 पॉइंट भरले की लायसन वर्षभर निलंबित. भाऊंनी तीच पद्धत क्लासात आणली. प्रत्येकाच्या नावाचं पिवळं कार्ड, त्यावर 12 चौकोन. सीटबेल्ट न लावता चावी फिरवली, एक चौकोन लाल. राँग साइड घुसवली, दोन. कार्ड भरलं की टेस्टची तारीख घेत नाहीत, पुन्हा शिकायचं. लेकीचे बहुतेक चौकोन आरशात न पाहता गाडी काढण्यापायी गेले. ती रडकुंडीला आली, तर भाऊ एवढंच म्हणाले, "मांगून ट्रक येत असता तं, माय?" आता ती घरच्या फाटकातून निघतानाही आधी आरसा पाहते.

आपल्याकडे लोकांना वाटते चलान भरलं की विषय संपला. पण 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात हेल्मेट नसलं किंवा ट्रिपल सीट बसवलं, तर दंडासोबत तीन महिने लायसनसाठी अपात्र ठरवायची तरतूद आहे. आणि 18 च्या आतल्या पोराने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला 25,000 रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, पोराला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. हे भाऊ पालकांना समोर बसवून सांगतात. गावोगावी दहावीतली पोट्टी बापाची मोटरसायकल घेऊन शेतात जातात. त्यांच्या बापांनी हे ऐकायलाच पाहिजे.

गाडी एकच आहे आणि तिचा क्लच जड आहे. माझी खरी तक्रार मात्र रात्रीची. हायवे 44 वर नेतात ते दिवसा. कापसाच्या दिवसांत अंधारात मागे लाइट नसलेल्या ट्रॉल्या आणि बैलबंड्या रस्त्यावर असतात. त्या कशा ओळखायच्या, समोरून डिपर आला तर नजर कुठं ठेवायची, हे शिकवलंच जात नाही. भाऊंना सांगितलं आहे, त्यांनी मनावर घ्यावं.

वेचणी सुरू झाली की वेळ मिळत नाही, दिवाळीआधीच नाव नोंदवा. लर्निंग लायसन आधी काढून ठेवा, पक्क्यासाठी त्यानंतर 30 दिवस थांबावं लागते.