हाय-रेझ सिंफनी म्हणून मला विकलेल्या जुन्या एमपीथ्री

बाबांचं सहस्रचंद्रदर्शन जानेवारीत होतं. त्यांना काय द्यायचं याचा विचार मी सहा महिने करत होते, आणि ठरलं तेव्हा फार आनंद झाला होता. तो आनंद कसा नासला ते लिहिते आहे, कारण त्याच जागी आणखी लोक पैसे भरत आहेत हे मला आता माहीत आहे.

बाबा दादरचे. रेल्वेत नोकरी केली आणि जन्मभर पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकलं. कलिन्याला आमचं तळमजल्यावर घर होतं. २६ जुलै २००५ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, घरात कमरेइतकं पाणी शिरलं. खालच्या दोन फळ्यांवर बाबांच्या एलपी होत्या, दीडशेच्या आसपास. पाणी ओसरल्यावर काढल्या तेव्हा वेष्टनांचा लगदा झाला होता आणि खोबणींत बारीक गाळ बसला होता. बाबांनी दोन दिवस त्या धुऊन पाहिल्या, मग काही न बोलता सगळ्या भंगारवाल्याला दिल्या. पुण्याला माझ्याकडे राहायला आले तेव्हा त्यांच्याकडे एकही रेकॉर्ड नव्हती.

त्यातल्या एका रेकॉर्डबद्दल ते अजूनही बोलतात. द्वोर्झाकची नववी सिंफनी, 'न्यू वर्ल्ड'. संचालक इश्तवान कर्तेस आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद, १९६१. ती व्हिएन्नाच्या सोफियनझालमध्ये ध्वनिमुद्रित झाली. ही वास्तू आधी बाष्पस्नानगृह होती, मग तिथे पोहण्याचा तलाव झाला. हिवाळ्यात तलावावर फळ्यांची जमीन टाकून त्यावर नाच चालायचे. जमिनीखालची ती पोकळी तशीच राहिली आणि तिच्यामुळे तिथला आवाज भरदार, उबदार यायचा असं सांगतात. डेक्का कंपनीने तिथे वर्षानुवर्षं ध्वनिमुद्रण केलं. आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी माहलरची दुसरी सिंफनी १९७५ साली व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर याच दालनात ध्वनिमुद्रित केली. २००१मध्ये सोफियनझाल आगीत जळालं. बाबा म्हणतात तो हॉल आता फक्त त्या फितींमध्ये ऐकू येतो. म्हणून मला ती रेकॉर्डिंग मिळतील तितक्या चांगल्या प्रतीत हवी होती.

नोव्हेंबरात शोधताना एक साइट सापडली. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ते नाव आता बदललेलंही आहे. ३८ सिंफनींचा संच, सगळ्या '२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ, मूळ मास्टर टेपवरून' (म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या मूळ फितीवरून, सीडीहून पुष्कळ बारकाईने साठवलेला आवाज; यालाच हाय-रेझ म्हणतात), किंमत १४९ डॉलर. सुट्या घेतल्या तर याच्या तिप्पट-चौपट पैसे पडले असते. 'सणाची सवलत, ४८ तास' अशी पट्टी वर फिरत होती. यादीत कर्तेस होता, मेहतांचा माहलर होता, कार्लोस क्लायबरची १९७४ची बेटहोवनची पाचवी होती. आणखी काय हवं?

यादी मी नीट वाचली असती तर तिथेच थांबले असते. संचालक फुर्टवेंगलरची १९५१ची बायरॉइटची बेटहोवनची नववी 'मूळ स्टिरिओ मास्टर' म्हणून दिली होती. ते ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचं आहे, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. कारायानचा १९८०च्या दशकातला डिजिटल बेटहोवनही १९२ किलोहर्ट्झमध्ये होता. त्या काळातली बहुतेक डिजिटल रेकॉर्डिंग १६ बिटची, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झच्या आसपासची. जे मूळ फितीवर टिपलंच गेलं नाही, ते चाळीस वर्षांनी फाइलमध्ये कुठून येणार? हे दोन प्रश्न माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी सवलतीची पट्टी पाहत होते.

कार्डाचे आकडे टाकले, ओटीपी आलाच नाही, पैसे गेले. परदेशी साइटवर असं होतं. २०२०पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आधी बंद असतो, आपण स्वतः तो चालू करावा लागतो. मी तो या खरेदीसाठीच चालू केला होता. चलनबदलाचा आकार आणि त्यावरचा जीएसटी धरून तेरा हजारांच्या वर रक्कम कापली गेली.

फाइली उतरवायला तीन रात्री लागल्या. माझ्याकडे एक बऱ्यापैकी डॅक आहे, म्हणजे संगणकातला डिजिटल आवाज ॲनालॉगमध्ये बदलून अँप्लिफायरकडे पाठवणारी छोटी पेटी. तिच्यावर दिवा असतो. साध्या सीडीच्या प्रतीला तो हिरवा, १९२ला जांभळा. पहिली फाइल लावली, दिवा जांभळा झाला आणि माझं समाधान झालं. इथेच मी फसले आणि बहुतेक जण इथेच फसतात. तो दिवा फाइलच्या माथ्यावर लिहिलेला आकडा वाचतो. आतला आवाज कुठून आला हे त्याला कळायचा मार्गच नाही. कुठलीही जुनी एमपीथ्री घ्या, फुकटच्या सॉफ्टवेअरमधून २४ बिट, १९२ची फ्लॅक (आवाजातलं काही न गाळता दाबलेली फाइल) म्हणून साठवा, दिवा जांभळाच लागेल. एक मिनिट पुरतं.

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर बाबांना खुर्चीत बसवलं आणि कर्तेस लावला. दुसऱ्या भागातली इंग्लिश हॉर्नची धून संपेपर्यंत ते डोळे मिटून होते. चौथा भाग आला तसे सावरून बसले. या सगळ्या सिंफनीत झांज फक्त एकदा वाजते, शेवटच्या भागात, आणि तीही जोरात नाही. वादक इतका वेळ थांबतो, एक आघात करतो, संपलं. लहानपणी बाबा मला आणि धाकट्या भावाला ती ओळखायला लावायचे. ज्याला आधी ऐकू येईल त्याला लिमलेटची गोळी. ती जागा आली. बाबांनी डोळे उघडले.

"पुन्हा लाव गं तेवढंच."

पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही लावलं.

"ही झांज नाही. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं वाजतंय."

मला वाटलं, वय झालं, कानांचं काहीतरी असेल. तसं त्यांना म्हणालेही, त्याचं अजून वाईट वाटतं. ऐंशीनंतर फार वरचे स्वर ऐकू येत नाहीत हे खरं आहे. पण कमी बिटरेटची, म्हणजे सेकंदाला कमी माहिती ठेवणारी एमपीथ्री बनवताना फक्त अगदी वरचे स्वर कापले जातात असं नाही. झांजेसारखा, अनेक स्वरांचा एकदम स्फोट होणारा आवाज त्या पद्धतीला नीट पकडता येत नाही. तो पुसट, ओलसर, सळसळल्यासारखा होतो, आणि हे बिघडणं मधल्या पट्टीतही असतं. ते बाबांना ऐकू आलं. माझे कान त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी तरुण आहेत, आणि मी महिनाभर जांभळा दिवा पाहत ऐकत होते.

आमच्या शेजारचा मुलगा चित्रपटांच्या आवाजाचं काम करतो. त्याला बोलावलं. तो म्हणाला, "काकू, फाइल ऐकू नका, आधी बघू या." त्याने स्पेक नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकली. पडद्यावर आवाजाचं चित्र उमटलं: डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर स्वरांची उंची. १९२ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये ९६ किलोहर्ट्झपर्यंत आवाज मावतो. आमच्या चित्रात रंग १६ किलोहर्ट्झपर्यंत होता, आणि तिथे पट्टीने रेघ मारावी तसा सरळ कापलेला. वर नुसता काळा पडदा. १२८ केबीपीएस बिटरेटच्या एमपीथ्रीत बहुधा हीच रेघ दिसते, असं त्याने सांगितलं आणि लगेच माझ्या एका गाण्याची एमपीथ्री उघडून दाखवलीही.

इथे एक खबरदारी त्यानेच सांगितली, ती लिहायलाच हवी, नाहीतर प्रामाणिक विक्रेत्यांवर उगाच आळ येईल. १९६१च्या फितीवर २० किलोहर्ट्झच्या वर संगीत फारसं नसणारच. पण खऱ्या फितीवरून काढलेल्या प्रतीत फितीची बारीक सरसर वरपर्यंत विरळ होत जाते, ती अशी एका रेघेवर तुटत नाही. वर रिकामं दिसलं म्हणून लगेच फसवणूक म्हणू नये. रेघ सरळसोट कापलेली आहे का, ते बघावं.

मग आम्ही सगळा संच तपासायला बसलो. ११ फाइलींवर १६ किलोहर्ट्झची रेघ होती. बाकीच्या २७मध्ये २२ किलोहर्ट्झच्या जवळ भिंत, म्हणजे साध्या सीडीची मर्यादा. क्लायबरची पाचवी माझ्याकडे सीडीवर होती, म्हणून त्याने आणखी एक गोष्ट करून दाखवली. विकत घेतलेली फाइल सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झवर आणली, ऑडासिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये माझ्या सीडीच्या प्रतीशेजारी ठेवली, नमुन्याला नमुना जुळवला, एक ट्रॅक उलटा केला आणि दोन्ही एकत्र वाजवले. दोन आवाज सारखे असतील तर ते एकमेकांना पुसून टाकतात. आम्हाला शांतता ऐकू आली. बेटहोवनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला भाग चालू होता आणि खोलीत पंख्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. म्हणजे जी सीडी माझ्या कपाटात होती, तीच मला पुन्हा विकली होती.

फाइलींचा आकारही काहीतरी सांगत होता. २४ बिट, १९२ची दोन चॅनेलची फाइल न दाबता ठेवली तर मिनिटाला ६९ एमबी लागतात. फ्लॅकमध्ये दाबूनही चाळीस मिनिटांच्या सिंफनीला सव्वा-दीड जीबी लागावेत. आमचा द्वोर्झाक ८०० एमबीच्या आत होता. हा पक्का पुरावा होत नाही, पण शंका यायला पुरेसा होता.

साइटला मेल केली. उत्तर आलं की ही ध्वनिमुद्रणं जुनी असल्याने हक्कमुक्त आहेत, त्यामुळे परतावा मिळत नाही. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, तेव्हा १९६१च्या बाबतीत भारतात तरी त्यात तथ्य असेल. पण माझी तक्रार हक्कांबद्दल नव्हतीच. दुसऱ्या मेलला उत्तर आलं नाही. त्याच दिवशी मी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी व्यवहार बंद केला. आठ दिवसांनी ३९ डॉलरचा व्यवहार नाकारल्याचा संदेश आला, त्याच विक्रेत्याकडून. मी काहीही मागवलेलं नव्हतं. बटण चालू राहिलं असतं तर तेही गेले असते.

१९३० क्रमांकावर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. पोचक्रमांक मिळाला, पुढे अजून काही नाही. पैसे दोन-तीन तासांपूर्वी गेले असतील तर त्या क्रमांकाचा जास्त उपयोग होतो. माझ्या बाबतीत दोन महिने उलटले होते.

बँकेचं मात्र सविस्तर सांगते. मी कार्डाच्या व्यवहाराला हरकत घेतली, म्हणजे चार्जबॅक मागितला. पहिल्यांदा अर्ज फेटाळला गेला: 'डिजिटल माल ग्राहकाने डाउनलोड केल्याची नोंद आहे.' चूक माझी होती. फॉर्मवर मी घाईत 'माल मिळाला नाही' यावर खूण केली होती. माल मिळाला होता, तो वर्णनाप्रमाणे नव्हता, आणि त्यासाठी वेगळा रकाना आहे. दुसरा अर्ज त्या रकान्यात केला. सोबत साइटच्या पानाचं छायाचित्र जोडलं, ज्यात '२४ बिट, १९२, मूळ मास्टर' स्पष्ट दिसत होतं (हे खरेदी करतानाच काढून ठेवा, माझं नशीब म्हणून ते ब्राउझरमध्ये सापडलं), स्पेकची तीन चित्रं, आणि शेजारच्या मुलाने साध्या भाषेत लिहिलेलं एक पान. शाखेतल्या बाईंना मी ती चित्रं समोर बसून समजावली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मार्चच्या शेवटी मूळ रक्कम खात्यात परत आली, चलनबदलाचा आकार गेला तो गेलाच. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मला तिथवर जावं लागलं नाही.

हाय-रेझ म्हणजे सगळी लबाडीच, असा अर्थ कृपा करून काढू नका. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, बर्लिन फिलहार्मोनिक यांची स्वतःची प्रकाशनं आहेत, चँडोससारख्या कंपन्या आपलीच ध्वनिमुद्रणं आपल्याच साइटवर विकतात. तिथे संच स्वस्त मिळत नाहीत. आता मी एकच सिंफनी घेते, ती स्पेकमध्ये पाहते, आणि मग पुढची.

बाबांसाठी कर्तेसची सीडी मागवली. साधी, १६ बिटची. झांज आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला. घरात लिमलेटची गोळी नव्हती, खडीसाखर दिली.

गेल्या आठवड्यात नागपूरच्या एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. तोच संच, नवं नाव, तीच फिरती पट्टी. त्यांनी डिसेंबरच्या अखेरीस पैसे भरले होते. अशा हरकतीला कार्ड कंपन्यांच्या नियमांत साधारण १२० दिवसांची मुदत असते, त्यामुळे त्यांच्या हातात थोडेच दिवस उरले होते. माझ्या दोन्ही अर्जांचा मजकूर मी त्यांना पाठवला आहे. तुम्हीही त्याच सुमारास घेतलं असेल तर आज रात्री एक फाइल स्पेकमध्ये उघडून बघा, आणि उद्या सकाळी बँकेत जा.