हवेची कयाक की अखंड प्लॅस्टिकची?

जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहणारा भाचा विचारतोय, "मामा, कयाक, म्हणजे वल्हवायची छोटी अरुंद होडी, कोणती घेऊ?"

आधी जागा बघ. प्लॅस्टिकची दहा फुटी कयाक वीस-पंचवीस किलोची, तुझ्या जिन्यात वळायचीच नाही. शिवाय गाडीवर कॅरियर हवं. हवेची घडी होऊन डिकीत बसते. पंप मारायला दहा मिनिटं, एवढाच घाम.

टिकण्यात मात्र प्लॅस्टिक पुढे. उजनीचं पाणी उतरलं की काठावर गाळ आणि वेड्या बाभळीचे काटे. माझ्या हवेच्या कयाकला तिथंच बारीक भोक पडलं. साबणाचं पाणी लावलं तेव्हा बुडबुडे दिसले, मग ठिगळ. जाहिरातीतलं 'पंक्चरप्रूफ' विसर. त्यात आपलं ऊन! सकाळी गच्च भरलेली हवा दुपारी प्रसरण पावते, जोड सुटू शकतो. काठावर ठेवताना थोडी हवा सोडायची. वाळल्याशिवाय घडी घातलीस तर बुरशी ठरलेलीच.

वाऱ्यात हवेची भरकटते. खाली फिन, म्हणजे होडी सरळ ठेवणारं पातं, हवंच. लाइफ जॅकेट दोन्हीत सक्तीचं.

काठालाच शेत असेल, रोज वल्हवायचं असेल तर प्लॅस्टिकची घे. तुझ्यासारख्या फ्लॅटवाल्या, रविवारी हिप्परगा तलाव, सुट्टीत कोकण करणाऱ्याला हवेचीच. ठिगळाचं सामान सोबत ठेव.